डिस्टंटसाहेबांचे तुडतुडे

भाताच्या बांधावरून चालताना पायाजवळून टुणकन उडणारे, चार-पाच मिलिमीटर लांबीचे हिरवे किडे शिक्षक मित्रांनी पाहिलेच असतील. रात्री ट्यूबलाइटभोवतीही त्यांची गर्दी असते. हे हिरवे तुडतुडे. 'यातला हा नक्की कोणता?' असे एखाद्या मुलीने विचारले, की आपण पुस्तक शोधू लागतो आणि पुष्कळदा एका जुन्या ग्रंथाशी येऊन थांबतो. तो म्हणजे 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेतील ऱ्हिंकोटा गटाचा चौथा खंड. लेखक विल्यम लुकास डिस्टंट, साल १९०८. आता तो संगणकावर फुकट वाचायला मिळतो. तेव्हा त्याच्यावर किती विसंबावे, हे एकदा स्पष्ट लिहिणे आम्हांला गरजेचे वाटते.

आधी श्रेय देऊ. या खंडापूर्वी भारतीय तुडतुड्यांची वर्णने अनेक भाषांतल्या नियतकालिकांत विखुरलेली होती. ती एका जागी आणणे हे मोठेच काम होते. वर्णनेही मोजकी आणि स्वच्छ आहेत: माथ्याचा रंग, पंखांचा रंग, लांबी, नमुना कुठला. सोबत रेखाचित्रे आहेत.

पण अडचण याच स्वच्छपणात आहे. डिस्टंट यांच्यापुढे होते ते टाचणीला टोचलेले वाळके नमुने. हिरवा तुडतुडा वाळला की पुष्कळदा पिवळट पडतो. जिवंतपणीही त्याचे काळे ठिपके कधी ठसठशीत, कधी पुसट असतात, माद्यांत तर बहुधा नसतातच. म्हणजे जे सर्वांत जास्त बदलते, त्याच्यावरच ग्रंथाचा सर्वांत जास्त भर! याचा फटका खुद्द लेखकालाही बसला. आज आपण ज्याला नेफोटेटिक्स व्हिरेसेन्स म्हणतो, ती जाती त्यांनी याच खंडात नव्याने वर्णिली, पण सेलेनोसेफॅलस या भलत्याच वंशाखाली. जातीच्या नावापुढे डिस्टंट हे नाव कंसात लिहितात ते यामुळेच. मूळ वंश पुढे बदलला, असे तो कंस सांगतो.

पुढची हकीकत मजेची आहे आणि थोडी खेदाचीही. १९६४ साली जपानी संशोधक इशिहारा यांनी याच किड्याला इम्पिक्टिसेप्स असे नाव दिले. अर्थ, 'डोके न रंगवलेला'. नाव कसे नेमके! त्याच्या जवळच्या नायग्रोपिक्टस या जातीच्या माथ्यावर पुढच्या कडेलगत काळा पट्टा असतो, याच्या माथ्यावर नसतो. नावातच ओळख होती. पण १९७१ साली घौरी यांनी मूळ नमुने तपासून या वंशाची फेरमांडणी केली, आणि जुन्या नावाचा हक्क म्हणून 'हिरवट' एवढाच अर्थ असलेले व्हिरेसेन्स कायम राहिले. हिरवट तर दोन्ही जाती आहेत!

हा केवळ नावांचा घोळ असता तर आम्ही लिहिलेच नसते. भातावरच्या टुंग्रो रोगाचे विषाणू मुख्यतः व्हिरेसेन्स पसरवतो. नायग्रोपिक्टसही ते नेऊ शकतो, पण फार कमी प्रमाणात. म्हणून शेतात तुडतुडे किती आहेत याइतकेच ते कोणते आहेत हेही मोजावे लागते. शिवाय हा रोग तुडतुड्यांमार्फत पसरतो हे दाखवणारा १९६५ सालचा निबंध शोधायचा, तर तो इम्पिक्टिसेप्स या नावाखालीच सापडेल.

मग पाहायचे काय? भिंग दहापट मोठे दाखवणारे असावे. आधी माथ्याच्या पुढच्या कडेचा काळा पट्टा पाहावा. मग नराच्या पुढच्या पंखावरचा ठिपका. नायग्रोपिक्टसमध्ये तो पंखावरच्या शिवणीसारख्या रेघेपर्यंत पोचतो, व्हिरेसेन्समध्ये बहुधा अलीकडेच थांबतो. हे 'बहुधा' मुलांना जरूर सांगावे. शंका उरली तर नराच्या जननेंद्रियावरील काट्यांची संख्या आणि मांडणी पाहावी लागते. त्यासाठी पोटाचे टोक दाहक पोटॅशच्या द्रावणात ठेवून स्वच्छ करतात. हे काम प्रयोगशाळेचे, वर्गातले नव्हे. डिस्टंट यांच्या खंडात या अवयवाचा आधारच घेतलेला नाही. काही तक्त्यांतही आम्ही पाहतो ते रंगीत चित्र आणि त्याखाली एक नाव, बस्स.

एक दोष मात्र त्यांच्या माथी मारता येणार नाही. तो आपल्या भाषेचा आहे. भातावरच्या 'तपकिरी तुडतुड्या'लाही आपण तुडतुडाच म्हणतो, पण त्याचे कुळच वेगळे. त्याच्या मागच्या पायाच्या नडगीला, टोकाशी, हलणारी जाड आर असते. हिरव्याच्या नडगीवर तिच्याऐवजी बारीक काट्यांच्या रांगा दिसतात. ट्यूबलाइटखाली दोघेही सापडतात. पाय आधी पाहावा, रंग नंतर.