गजावाचून व्हायोलिन

पलूसास वैशाखात रात्री लवकर निजण्याची सोय नाही. यंदा एका वरातीबरोबर टेम्पोवर चढविलेली बेंजो पार्टी आमच्या दारावरून गेली, आणि तिच्या कीबोर्डवर ‘कर्ज’ या १९८० सालच्या चित्रपटातील एका गाण्याची सुरावट चालू होती. व्हायोलिनांच्या ताफ्याने उसळी घ्यावी अशा ठिकाणी त्या कीबोर्डाने एक लांब, पातळ किंकाळी फोडली. वऱ्हाडी नाचत राहिले. आम्ही मात्र अंथरुणावर उठून बसलो. दुसऱ्याच दिवशी आमचा एक जुना विद्यार्थी सिंथेसायझरवर स्वतः बांधलेली, जुन्या डिस्को वळणाची व्हायोलिने ऐकवावयास आला, हा योगायोगच म्हणावयाचा. त्याच्या कृतीवर परखड लिहावे, असा आग्रह त्याचाच.

डिस्को म्हणजे नुसता धडधडणारा ठेका, असा आपल्या सुशिक्षित घरांतून समज आहे. तो आमचाही होता. परंतु बॅरी व्हाइट यांच्या वाद्यवृंदाची १९७३ सालची ‘लव्हज् थीम’ ज्याने ऐकली असेल, त्यास ठेका ही या संगीताची केवळ जमीन असून तीवरील सारा डौल व्हायोलिनांचा आहे, हे पटेल. ही व्हायोलिने सुरांचा गिलावा करीत नाहीत. गाण्याच्या दोन ओळींमधील फटीत शिरून ती उत्तर देतात, झरझर तार सप्तकात चढतात, शेवटचा स्वर तोडून बाजूस होतात. आणि एकच ओळ पुष्कळदा दोन सप्तकांत एकदम वाजते. हे वळण ‘कुर्बानी’ (१९८०) व ‘डिस्को डान्सर’ (१९८२) यांनी आपल्याकडे घरोघर पोहोचविले. ते उचलण्यास मुंबईत गजवाद्यांचे ताफे आधीच सिद्ध होते, व त्यांत गोव्याच्या वादकांचा भरणा मोठा होता. ‘कर्ज’च्या संगीतकारद्वयापैकी प्यारेलाल हे तर स्वतःच व्हायोलिनवादक, आणि गोव्यातील माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचे शिष्य.

वीस माणसे मिळून एक स्वर वाजवितात, तेव्हा तो खरोखर एकच स्वर नसतो. कोणाचे बोट केसभर वर पडते, कोणाचा गज क्षणभर मागाहून फिरतो, प्रत्येकाच्या हाताचा कंप निराळा. या बारीक बेबनावातूनच ती रेशमी झळाळी निघते. यंत्रे बनविणारांनी हे वर्म ओळखले होते. १९७४ साली हॉलंडच्या एमिनंट कंपनीने बनविलेले व अमेरिकेच्या आर्प कंपनीने विकावयास घेतलेले ‘सोलिना स्ट्रिंग एन्सेंबल’ हे ४९ पट्ट्यांचे यंत्र पाहा. त्याचा मूळ नाद ऑर्गनसारखा कोरडा व घट्ट बांधलेला. तोच नाद तीन वाटांनी किंचित् मागेपुढे सोडावयाचा, तो विलंबही सतत कमीजास्त करीत राहावयाचा, आणि तिन्ही धारा पुन्हा एकत्र आणावयाच्या, अशी त्यात योजना होती. यंत्रास मुद्दाम थोडे बिघडविले, तेव्हा ते माणसांच्या जवळ आले!

आमच्या विद्यार्थ्याने हे सर्व नीट साधले आहे. करवतीच्या दात्यांसारखी लहर त्याने मुळाशी घेतली, तिच्या दोनतीन प्रती जराशा विलग केल्या, खर्ज छाटला. नादाविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती हातांविषयी. पेटीवाला साथीला पट्ट्या दाबून बसतो तशी त्याने चारचार स्वरांची जुडी दाबून धरली आहे. डिस्कोची व्हायोलिने ओळींनी चालतात, जुड्यांनी नव्हे. प्रत्येक ओळ वेगळी वाजवून मग एकावर एक बसवावी लागते. शिवाय प्रत्येक स्वर त्याच त्या संथ उभारीने उगवत असल्यामुळे द्रुत चढण चिखलात रुतल्यासारखी ऐकू येते. आम्ही त्यास विचारले, “बाबा, तू नक्कल कोणाची केलीस? माणसांची की सोलिनाची?” तो गोंधळला. सोलिनाची असेल तर दाबून धरलेल्या जुड्या खुशाल चालतील. ते धुक्यासारखे पसरणे हाच त्या यंत्राचा स्वभाव. माणसांची असेल तर गज कोठे उलटतो, याचा विचार हवा.

सोलिनासारख्या यंत्रास स्वभाव असतो, हे आम्ही उशिरा कबूल करीत आहो. मींड नाही, स्वर ठोकळेबाज, या कारणांनी नभोवाणीने १९४० साली हार्मोनियमला जे दार लावले ते सुमारे तीस वर्षे उघडले नाही, आणि तरुणपणी आम्हीही त्याच बाजूने तावातावाने बोलत असू. तथापि गोविंदराव टेंब्यांच्या बोटांखाली पेटी ही सारंगीची दुय्यम प्रत कधीच नव्हती. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदात वाजविणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली डिस्को ठेक्यावर दहा राग वाजवून जी ध्वनिमुद्रिका काढली, तिचेही तसेच. ती २०१० साली पुन्हा निघाली तेव्हा जगाने कान टवकारले. यमन आणि मालकंस यांस एकाच घोड्यावर बसविणे आम्हांस रुचत नाही. परंतु त्या यंत्रांनी कोणाचे सोंग घेतलेले नाही, हे मान्य केले पाहिजे.

ऐकवून झाल्यावर विद्यार्थी सहज म्हणाला, “सर, आता माणसं लागतातच कुठे?” हे वाक्य आम्हांस लागले. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतून व्हायोलिनांचे मोठे ताफे १९९० नंतर विरळ होत गेले, आणि जन्मभर गज धरलेल्या कित्येक हातांचे काम सुटले, ते याच वाक्याने. शेजारी किर्लोस्करवाडी असता यंत्रास शिव्या देणे पलूसकरास शोभणार नाही, हे खरे. पण लोखंडी नांगराने आपण लाकडी असल्याचा आव कधी आणला नव्हता.

महिन्याभराने तो दुसरा मसुदा घेऊन आला. ओळी सुट्या वाजविल्या होत्या, चढणीपुरती उभारी तीव्र केली होती, आणि वरच्या ओळीत काहीतरी जिवंत हलत होते. विचारता कळले की, मिरजेच्या एका व्हायोलिनवादकाकडून त्याने तेवढी ओळ चार वेळा वाजवून घेतली व यंत्राच्या नादात मिसळली. चारही खेपांस गज निराळा पडला आहे, आणि कान देऊन ऐकल्यास तो ओळखू येतो. त्या वादकास बिदागी काय दिली, हे विचारावयाचे मात्र आमच्याकडून राहून गेले.