निसर्गाच्या कुशीत (सर्व सोयींसह)

आपल्या समीक्षकांनी कादंबरी घेतली, नवकविता घेतली, लोकसाहित्य तर पार पिंजून काढले. पण भंडारदऱ्याच्या तंबूवाल्यांची जाहिरातपत्रके कुणी हाती धरलेली दिसत नाहीत. मेअखेरीस, काजव्यांच्या दिवसांत, मी अशी अकरा पत्रके बारकाईने वाचली. दहांचा पहिला शब्द ‘शांत’ होता. अकराव्याचा ‘निवांत’. एवढे एकमत आमच्या सोसायटीच्या सभेत चहा कधी आणायचा यावरही होत नाही.

श्रीरामपूरच्या माणसाला या शब्दाची भूक असते. हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रेलर ओढत रात्रभर जातात आणि ड्रायव्हरला झोप येऊ नये म्हणून लावलेली गाणी आम्हालाही ती येऊ देत नाहीत. तक्रार नाही, त्या उसावर गाव जगते. आणि त्या उसाचे पाणी येते भंडारदऱ्याहून. १९२६ साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणाचे पाणी प्रवरेच्या कालव्यांनी आमच्याकडे येते, ते बिचारे हूं की चूं न करता. तेव्हा एकदा आपणच उलट दिशेने जावे, संगमनेर-अकोले-राजूर करीत, आणि तळ्याकाठी एक रात्र काढावी, एवढीच माझी माफक इच्छा.

पण पत्रकाचे शैलीशास्त्र पाहा. वर ठळक टाइपात ‘निसर्गाच्या शांत कुशीत’, खाली बारीक टाइपात ‘शेकोटी, म्युझिक, डीजे’. लेखकाला शब्दाचा अर्थ ठाऊक नाही, असे मुळीच नाही. त्याच्या लेखी शांत म्हणजे वस्तीपासून दूर. वस्तीपासून दूर म्हणजे हरकत घ्यायला कुणी नाही. आणि हरकत घ्यायला कुणी नाही म्हणजे गोंगाट मनसोक्त! आपल्या जुन्या साहित्यशास्त्रात शांतरसाचा स्थायीभाव ‘शम’ सांगितला आहे. तळ्याकाठी तो ‘ढम’ आहे.

खात्री करावी म्हणून एका तंबूवाल्याला फोन केला.

“काका, एकदम शांत जागा. बिनधास्त या.”

“आवाज वगैरे?”

“आवाजाची काळजीच करू नका. दोन मोठे स्पीकर आहेत.”

“दहानंतर बंद ना?”

“तुमच्यासाठी चालू ठेवू की!”

“बघा, किती अगत्य आहे,” आमची ही म्हणाली.

रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावू नये, असा नियम देशात २००० सालापासून आहे. पण तळ्याकाठच्या घड्याळात दहा वाजतच नसावेत.

माझी झोप हा प्रश्न तसा गौण आहे. काजवा लुकलुकतो तो आपल्या करमणुकीसाठी नव्हे. नर उडता उडता प्रकाशाची हाक घालतो आणि झुडपातली मादी थोडे थांबून तशाच प्रकाशाने उत्तर देते. त्यावर पुढच्या वर्षीचे काजवे अवलंबून. स्पीकर त्यांना नडत असेल-नसेल. पण तो कधी एकटा येत नाही. त्याच्यासोबत मोटारींचे हेडलाइट येतात, तंबूंवरच्या रंगीत माळा येतात, मोबाइलच्या बॅटऱ्या येतात. त्या झगमगाटात उत्तर बुडते. पाऊस लागला की हंगाम आटोपतो. पुन्हा विचारायला वेळ नाही.

अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात असलेच भांडण आहे. बर्फावरून पायांनी घसरत जाणाऱ्यांना शांतता हवी आणि शेजारून स्नोमोबाइल नावाच्या बर्फगाड्या घुमत जाणार. प्रकरण वर्षानुवर्षे कोर्टात गाजले आणि २०१३ साली नियम झाला: रोज किती गाड्या आत सोडायच्या आणि गाडीने आवाज किती करायचा. आपल्याकडे माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, म्हणून तिथे पाचोळा वाजलेला कळतो. कुणी पत्रक छान लिहिले म्हणून नव्हे. शांततेला आकडा लागतो किंवा नाका तरी. बाकी आम्ही विशेषणावर भागवतो.

तेव्हा माझी सूचना अशी, की ‘जागा शांत आहे का?’ हे विचारूच नये. स्पीकर कोणाचा, जनरेटर खोलीपासून किती पावलांवर, गाड्या कुठे लावतात आणि दिवे किती वाजता मालवतात, हे विचारावे. चौथ्या प्रश्नाला बहुतेक लेखक अडखळतात.

या वाङ्मयातली मला आवडलेली एकमेव कृती पत्रक नव्हतीच. तळ्यापासून जरा वर, चढावरच्या एका घराच्या पत्र्यावर खडूने लिहिले होते: ‘जेवण मिळेल. राहता येईल. लाइट आठला बंद.’ तीन वाक्ये, विशेषण शून्य. आम्ही तिथेच पिशव्या टेकल्या. आठला लाइट खरोखरच गेला, पलीकडचे हिरड्याचे झाड हळूहळू लुकलुकू लागले आणि ही पंधरा मिनिटे एक शब्द बोलली नाही. साडेदहाच्या सुमारास रातव्याने दगडावर दगड आपटल्यासारखे ठोके सुरू केले. थांबेचना.

“अहो,” अंधारातून ही म्हणाली, “याला नाही का तुमचा तो दहाचा नियम?”