देवघेव आणि अदलाबदल : ‘केव्ह स्टोरी’तील सामर्थ्याची नीती

१

‘मेट्रॉइड’ (१९८६) या खेळापासून रूढ झालेल्या शोधप्रधान व्हिडिओ खेळांच्या परंपरेत सामर्थ्याचे एक ठरीव गणित आढळते. नायक जवळजवळ रिकाम्या हातांनी अनोळखी प्रदेशात उतरतो. कोठे उंच कडा, कोठे बंद दार त्याची वाट अडविते. मग एखाद्या आडकोपऱ्यात त्याला नवे शस्त्र किंवा नवी शक्ती लाभते आणि अडलेली वाट मोकळी होते. असे लाभलेले सामर्थ्य सहसा परत जात नाही. ते साठत जाते. परिणामी प्रदेशाचा शोध हा पाहता पाहता संपत्तीच्या संचयाचा इतिहास होऊन बसतो. नायकाची वाढ म्हणजे त्याच्या सामानाच्या यादीची वाढ, हे समीकरण या प्रकारात इतके अंगवळणी पडले आहे की त्यामागे काही मूल्यदृष्टी आहे याचाच विसर पडावा.

‘केव्ह स्टोरी’ हा छोटेखानी जपानी खेळ या समीकरणाकडे संशयाने पाहतो. दाइसुके अमाया यांनी तो ‘पिक्सेल’ या टोपणनावाने, फावल्या वेळात, सुमारे ५ वर्षे एकट्याने घडविला आणि २००४ साली विनामूल्य उपलब्ध करून दिला. लेखन, चित्रे, संगीत, आज्ञावली ही सर्व अंगे त्यांचीच. संगीतरचनेसाठी लागणारे साधनही त्यांनी स्वतःच बनविले. त्रिमितीय दृश्यांचा बोलबाला असलेल्या त्या काळात त्यांनी ३२० बाय २४० ठिपक्यांच्या पडद्यावर, मागल्या पिढीच्या खेळांची आठवण करून देणारी, ठोकळेवजा द्विमितीय चित्रशैली स्वीकारली. मूळ शीर्षक ‘दोकुत्सु मोनोगातारी’ असे आहे. यातील ‘मोनोगातारी’ हा शब्द जपानी साहित्यात ‘गेंजी मोनोगातारी’सारख्या कृतींच्या कथनाच्या एका दीर्घ परंपरेशी जोडलेला आहे. शीर्षकातच कथनाचा निर्देश असलेल्या या कृतीचे परीक्षण केवळ कौशल्याचा खेळ म्हणून न करता कथनाची संहिता म्हणून करणे त्यामुळे अप्रस्तुत ठरू नये.

या संहितेत सामर्थ्याच्या दोन क्रिया एकमेकींसमोर उभ्या आहेत. एक अदलाबदल : कळ दाबताच हातातील शस्त्र बदलते आणि पुन्हा कळ दाबताच पहिले परत येते. दुसरी देवघेव : एक वस्तू कोणाला तरी देऊन दुसरी घ्यावयाची, आणि दिलेली वस्तू कायमची गमवावयाची. पहिली क्रिया उलटविता येते, दुसरी येत नाही. ‘केव्ह स्टोरी’चा नैतिक आशय या दोहोंमधील फरकात साठलेला आहे, आणि त्या आशयातील सर्वांत मोठी अडचणही तेथेच आहे.

२

खेळाचे स्थळ आकाशात तरंगणारे एक बेट आणि त्याच्या पोटातील गुहा हे आहे. स्मृती हरवलेला एक यंत्रमानव तेथे जागा होतो. बेटावर मिमिगा नावाचे सशासारखे जीव राहतात. पूर्वी भूतलावरून आलेल्या यंत्रमानवांनी त्यांची कत्तल केली होती. म्हणून नायकाचे रूपच त्यांच्या लेखी भयसूचक आहे. आता ‘डॉक्टर’ म्हणून ओळखला जाणारा एक माणूस दैत्यमुकुट धारण करून बसला आहे. मिमिगांना तांबडी फुले खाऊ घालून पिसाळविणे आणि त्यांचे सैन्य उभारणे हा त्याचा बेत आहे.

शस्त्रांची अदलाबदल या खेळात क्षणाक्षणाला होत असते. परंतु येथील शस्त्रे निर्जीव अवजारे नाहीत. पराभूत शत्रूंमधून उडणारे पिवळे त्रिकोण वेचले की हातातील शस्त्राची पातळी चढते आणि नायक घायाळ झाला की त्याच शस्त्राची पातळी उतरते. जखम शरीराला होते आणि तिची झळ सामर्थ्यालाही पोहोचते. कोणते शस्त्र हाती असताना मार खावा, हाही म्हणून एक निर्णय ठरतो. परंपरेतील ‘लाभले ते साठले’ हा नियम येथे पहिल्याच पायरीवर मोडला जातो : मिळविलेले टिकवावे लागते आणि टिकविता टिकविता ते निसटते.

या तत्त्वाची विडंबनात्मक परिसीमा ‘नेमेसिस’ या शस्त्रात दिसते. ते पहिल्या पातळीवर सर्वाधिक प्रखर असते. त्रिकोण वेचीत तिसऱ्या पातळीवर नेले की त्यातून रबरी बदके बाहेर पडू लागतात. वाढीचा अर्थ ऱ्हास असा लावणारे हे शस्त्र म्हणजे नुसती गंमत नव्हे. संचयाच्या सवयीने खेळणाऱ्याला त्याचीच सवय ते अंगावर उलटवून दाखविते.

३

व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ मध्ये रशियन परीकथांचे जे रूपविश्लेषण मांडले त्यात ‘दाता’ या भूमिकेला मोक्याचे स्थान आहे. दाता नायकाची परीक्षा घेतो, नायक तिला उतरतो आणि जादूची वस्तू त्याच्या हाती येते. शोधप्रधान खेळांची बहुतेक कथानके या साच्यात सहज बसतात. ‘केव्ह स्टोरी’त हा साचा प्रत्येक वेळी थोडा वाकविलेला आहे.

पहिले शस्त्र, ‘पोलर स्टार’, नायकाला कोणी देत नाही. एकांतवासी शस्त्रकार आपल्या झोपडीत गाढ झोपलेला असताना नायक ते पेटीतून उचलतो. ज्याच्या जातभाईंनी या बेटावर कत्तल केली, त्याच्या प्रवासाचा आरंभ चोरीने व्हावा, ही योजना अर्थपूर्ण आहे. पुढे वाळूच्या प्रदेशात कर्ली ब्रेस ही दुसरी यंत्रमानव भेटते. ती अनाथ मिमिगा पिलांना सांभाळीत असते. झुंजीनंतर ती आपली मशीनगन देऊ करते, बदल्यात ‘पोलर स्टार’ मागते. भुईकडे रोखून झाडलेल्या गोळ्यांच्या धक्क्याने, शेवटच्या पातळीवर, ही मशीनगन नायकाला हवेत उचलते. शोधाच्या दृष्टीने हे मोठेच सामर्थ्य आहे. भूलभुलैयातील एक दुकानदारही ‘पोलर स्टार’ आणि ‘फायरबॉल’ घेऊन ‘स्नेक’ नावाचे शस्त्र देण्यास तयार असतो. दोन्ही सौदे लाभाचे दिसतात आणि दोन्ही परतीचे नाहीत. जो हे सौदे नाकारून चोरीचे ते साधे शस्त्र शेवटपर्यंत जवळ बाळगतो, तो एका वळणावर पहिल्या झोपडीत परततो. आता जागा असलेला शस्त्रकार आपली वस्तू ओळखतो, कानउघाडणी करतो आणि तिलाच नवे रूप देऊन ‘स्पर’ हे शस्त्र त्याच्या हाती ठेवतो. चोरीचे प्रायश्चित्त आणि दान हे एकाच कृतीत घडते. दाता येथे शेवटी येतो. आणि परीक्षा कोणती होती हे ती संपल्यावरच कळते.

तलवारीचे उदाहरण याहून बोलके आहे. मिमिगांचा म्होरक्या किंग डॉक्टरच्या हल्ल्यात मारला जातो. त्याच वेळी लहानग्या तोरोकोला तांबडे फूल खाऊ घालून पिसाळविले जाते आणि तिला ठार करण्याचे कर्म नायकाच्या वाट्याला येते. मरता मरता किंग आपली तलवार नायकाला देतो. ती तिसऱ्या पातळीवर पोहोचली की वार करताना खुद्द किंगची छायाकृती प्रकट होते. शस्त्र हे येथे मृताच्या स्मृतीचे आश्रयस्थान झाले आहे. पुढे लिटल नावाचा एक चिमुकला माणूस हीच तलवार मागतो आणि बदल्यात ‘नेमेसिस’ देऊ करतो. म्हणजे एका बाजूला दिवंगत मित्राची आकृती आणि दुसऱ्या बाजूला, अखेरीस, रबरी बदके! खेळ यावर भाष्य करीत नाही. हो किंवा नाही एवढेच विचारतो. परंतु ज्याने ती छायाकृती एकदा पाहिली आहे, त्याला हा सौदा दोन शस्त्रांच्या बळाची तुलना म्हणून करता येत नाही. वस्तूचे मूल्य तिच्या उपयोगात आहे की तिच्या येण्याच्या कथेत, हा प्रश्न त्याच्यासमोर कळीच्या रूपाने उभा राहतो.

४

येथवर संहितेची नीती सुसंगत दिसते : जपणूक संचयाहून श्रेष्ठ, कथा उपयोगाहून श्रेष्ठ. परंतु प्राध्यापक बूस्टर यांच्या प्रसंगापाशी ही सुसंगती तडकते.

भूलभुलैयात एका दरीच्या तळाशी बूस्टर घायाळ होऊन पडलेले दिसतात. नायक खाली उतरून त्यांच्यापाशी गेला तर ते आपण बनविलेले उड्डाणयंत्र त्याला देतात आणि प्राण सोडतात. प्रॉपच्या परिभाषेत ही दात्याची शुद्ध भूमिका आहे. मात्र खाली न उतरता, काठाच्या अगदी टोकावरून अवघड उडी घेऊन नायक दरी ओलांडून गेला तर बूस्टर वाचतात, पुढे पुन्हा भेटतात आणि अधिक समर्थ यंत्र देतात. खेळाचे तीन शेवट आहेत. त्यांतील सर्वांत परिपूर्ण शेवटाची वाट या दुसऱ्या पर्यायातूनच जाते. अशी वाट आहे याची स्पष्ट सूचना त्या क्षणी कोठेही नसते.

या रचनेचा अर्थ सरळ मांडला तर तो अस्वस्थ करणारा आहे. पडलेला माणूस पाहून धावत जाणारा खेळाडू त्याच्या मृत्यूचे निमित्त होतो आणि पाठ फिरवून निघून जाणारा त्याचा तारणहार ठरतो. करुणेला शिक्षा आणि उपेक्षेला बक्षीस! संचयाचा मोह नाकारणे हीच येथील शिकवण आहे, असे म्हणून हा प्रसंग निभावून नेता येणार नाही. खाली उतरणारा खेळाडू यंत्राच्या लोभाने उतरत नाही, कारण तेथे यंत्र आहे हे त्याला ठाऊकच नसते. तो माणसासाठी उतरतो. ‘पोलर स्टार’ न देणे आणि बूस्टर यांच्याकडे न जाणे या दोन नकारांना एकाच नैतिक मापाने मोजता येत नाही.

असे गुप्त पर्याय म्हणजे खेळाचे आयुष्य लांबविण्याची जुनी व्यावसायिक क्लृप्ती, असा आक्षेप घेता येईल. परंतु ही कृती मुळात विनामूल्य होती. लांबविण्यासारखा बाजार तिच्यापाशी नव्हता. उत्तर अन्यत्र शोधावे लागते.

रोलाँ बार्थ यांनी ‘एस/झेड’मध्ये (१९७०) पुनर्वाचनाला वाचनव्यवहाराच्या केंद्रस्थानी आणले. ‘केव्ह स्टोरी’ पुनर्वाचनाला केवळ वाव देत नाही; ते कथेच्या घटनाक्रमातच गोवते. पहिल्या खेळीत प्राध्यापक मरतात. पाण्याने भरलेल्या दालनात आपली प्राणवायूची टाकी नायकाला देऊन कर्लीही बुडते. दुसऱ्या खेळीत, काय घडणार हे ठाऊक असल्यामुळे, प्राध्यापकांना टाळून वाचविता येते; कर्लीला दोराने पाठीशी बांधून नेता येते, तिच्या शरीरातील पाणी काढून तिला जगविता येते. शोकांतिका पहिल्या वाचनाची, सुटका दुसऱ्या वाचनाची. दोन शेवट हे दोन पर्याय नसून ज्ञानाच्या दोन अवस्था आहेत.

ग्रीक नाटकात प्रेक्षकाला जे ठाऊक असते ते नायकाला ठाऊक नसते. त्या अंतरातून नाट्यगत उपरोध जन्मतो. पण प्रेक्षकाचे ज्ञान रंगमंचावर पोहोचू शकत नाही, ही त्या उपरोधाची अट आहे. येथे ती अट सुटते. खेळाडूचे ज्ञान नायकाच्या पायांत उतरते आणि तो दरी ओलांडून जातो. मात्र नायकाला स्वतःला काहीच ठाऊक नसते. त्याचे नावसुद्धा कथेत फार उशिरा उघड होते. तो बोलत नाही. म्हणून स्पष्टीकरणही देऊ शकत नाही. कथाविश्वाच्या आतून पाहिले तर एक मुका यंत्रमानव मरणोन्मुख वृद्धाला ओलांडून जातो, एवढेच घडते. सर्वोत्तम शेवटाच्या पायथ्याशी हे एक अनाकलनीय कृत्य गाडलेले आहे, आणि त्याचे कारण कथेत नव्हे, खेळाडूच्या आठवणीत आहे. ती आठवण पहिल्या खेळीतील मृत्यूची असते.

५

या ठिकाणी संहितेची मर्यादा आणि तिचे बळ एकाच जागी सापडतात. अज्ञानातून केलेल्या करुणेचे मोल नोंदविण्याचे कोणतेही साधन तिच्यापाशी नाही. तिच्या हिशेबात परिणाम मोजले जातात, हेतू मोजले जात नाहीत. साहित्यकृतीला निवेदकाच्या एका वाक्याने जो न्याय देता आला असता, तो येथे मिळत नाही. ज्याने पहिल्याच खेळीत एखाद्या मार्गदर्शिकेच्या आधारे प्राध्यापकांना टाळले, त्याला परिपूर्ण शेवट मिळतो, परंतु त्याच्या उडीत कोणतीही आठवण नसते. पडद्यावर दोन्ही उड्या अगदी सारख्या दिसतात.

तरीही त्या सारख्या नाहीत. शस्त्रांची अदलाबदल करताना खेळाडू काहीही गमावीत नाही. पहिल्या खेळीचे अज्ञान देऊन दुसऱ्या खेळीचे ज्ञान घेताना मात्र तो काही तरी कायमचे देऊन बसतो : त्या दरीपाशी पुन्हा कधीही निष्पापपणे धावत जाणे आता त्याला शक्य नसते. ‘केव्ह स्टोरी’तील सर्वांत महाग सौदा कोणत्याही दुकानात होत नाही. तो दोन खेळींच्या मधल्या अवकाशात होतो आणि त्याची नोंद सामानाच्या यादीत नसते. शोध हा संचय नसून देवघेव आहे, हे या कृतीचे प्रतिपादन तेथे पूर्ण होते. आणि तेथेच ते समीक्षेपुढे प्रश्नही ठेवते. परिणामांनी शिक्षा केलेली करुणा ही चूक मानावयाची की पुढच्या सुटकेची पहिली अट? प्राध्यापक एकदा मेले नसते तर त्यांना वाचविण्याची इच्छा कोणाला झाली असती?