राक्षसभुवनची नदी आणि मंचावरचे रण

बीडहून सकाळी निघायचे आणि संध्याकाळी शहरातल्या मैदानावर ‘जाणता राजा’चा प्रयोग पाहायचा, असा काही वर्षांपूर्वी आमचा बेत ठरला. गाडीत दोन कुटुंबे होती. मुलांना हत्ती-घोड्यांची ओढ, मोठ्यांना शिवचरित्राची. गेवराईहून गाडी राक्षसभुवनकडे वळवावी हा आग्रह मात्र माझा होता. लढाईचे नाट्य पाहण्याआधी लढाईची एक खरी जागा पाहावी, एवढाच हेतू.

राक्षसभुवन गोदावरीच्या दक्षिण तीरावर आहे. बहुतेक लोक तेथे शनिदर्शनासाठी येतात. १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशवे आणि निजाम अली यांच्या फौजा येथे भिडल्या. निजाम नदी उतरून पलीकडे गेला होता. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या सैन्यासह अलीकडेच होता. श्रावणातली गोदावरी दुथडी भरलेली, त्यामुळे पलीकडची कुमक अलीकडे येणे शक्य नव्हते. दिवाण मारला गेला. राघोबादादा शत्रूच्या गराड्यात सापडले, त्यांना अठरा वर्षांच्या पुतण्याने सोडवले. याच राघोबादादांनी आदल्या वर्षी, १७६२ मध्ये, निजामाची मदत घेऊन या पुतण्यावर चाल केली होती. नागपूरकर जानोजी भोसले निजामाच्या पक्षात होते, ते लढाईपूर्वी पेशव्यांकडे आले. आम्ही गेलो तेव्हा पात्रात वाळूच अधिक होती. वरच्या अंगाला पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पुरे झाल्यापासून येथली नदी पुष्कळशी धरणाच्या दारांवर अवलंबून असते. ज्या पाण्याने त्या लढाईचा निकाल लावला, ते कल्पनेनेच पाहावे लागले.

संध्याकाळचा प्रयोग भव्य होता, यात शंका नाही. बाबासाहेब पुरंदरे यांनी १९८५ मध्ये उभ्या केलेल्या या महानाट्याचे हजाराहून अधिक प्रयोग झाले आहेत. मजल्यांवर मजले असलेले नेपथ्य, शेकडो कलावंत, मशाली, गोंधळ, पोवाडा. लोककलांना एवढे मोठे अंगण क्वचितच मिळाले असेल. अफजलखानाच्या भेटीआधीची शांतता तर अजून आठवते.

तरीही माझे मन एका ठिकाणी अडले. येथे संवाद ध्वनिमुद्रित असतात आणि नट त्यांबरहुकूम हालचाली करतात. एवढ्या मैदानात दुसरा उपाय नाही, हे मान्य. परंतु त्यामुळे नटाला अडखळता येत नाही, थांबता येत नाही. तलवार उगारणारा मावळा घाबरलेला आहे की काय, हे दाखवण्याची सवडच त्याला नसते. पडणारा शिपाई ठरल्या क्षणी पडतो, प्रकाश मावळतो आणि तो अंधारात उठून निघून जातो. रण जिंकलेलेच असते. आपण फक्त टाळ्या वाजवतो. आपल्या धर्मग्रामांत गुड फ्रायडेला क्रुसाच्या वाटेचा जिवंत देखावा करतात. तेथे मृत्युदंड मागणारा जमाव आपल्यातलाच असतो, आणि पाहणाऱ्याला त्या जमावात स्वतःचा चेहरा शोधावा लागतो. साधने तुटपुंजी, दाढ्या चिकटवलेल्या. पण ही एक गोष्ट तेथे सुटत नाही.

मग वाटले, या मंचावर राक्षसभुवन आणायचे तर कसे आणणार? विठ्ठल सुंदरला कोणत्या रंगाची वस्त्रे द्यावीत? राघोबादादांनी कोणत्या बाजूने प्रवेश करावा? जानोजींनी? असल्या प्रश्नांची उत्तरे शोधू पाहणारा दिग्दर्शक मराठी रंगभूमीला खरोखर काही नवे देईल. महानाट्याची चौकट मात्र त्याला अपुरी पडेल, कारण तिला आपले आणि परके दुरूनच ओळखू यावे लागतात.

मध्यरात्र उलटून गेल्यावर गाडी शहागडच्या पुलावर आली. मुले झोपली असावीत असे वाटत होते, तोच धाकट्याने विचारले, “काका, सकाळच्या त्या लढाईत निजाम कुठे होता?”

“पलीकडच्या काठावर.”

“म्हणजे नुसता बघत होता? आपल्यासारखा?”

गाडीत कोणी काही बोलले नाही. पूल संपला आणि गेवराईचा रस्ता लागला.