जिजाईच्या चुलीचे माप

लहानपणी कार्टूनमध्ये पाहिलेले अवाढव्य यंत्रमानव खऱ्या माणसांच्या सिनेमात उतरवायचे, हा २००७ पासून हॉलिवूडचा भरवशाचा धंदा झाला आहे. त्या वर्षी आलेल्या मायकेल बेच्या 'ट्रान्सफॉर्मर्स'ने सत्तर कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमवला आणि १९८४ च्या खेळण्यांवर व कार्टूनवर वाढलेली पिढी तिकिटाच्या रांगेत उभीच आहे, हे निर्मात्यांच्या लक्षात आले. मराठीत यंत्रमानव नाहीत, पण आपली बालपणेही याच वाटेने पडद्यावर आली. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' २०१२ मध्ये आला, तर भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' २०१७ मध्ये. अशा प्रत्येक रूपांतरावर एक तक्रार ठरलेली असते : मूळचा चेहरा राहिला नाही. या तक्रारीचे दुखणे खरे आहे, निदान मात्र चुकले आहे. चेहरा बदलला तरी सिनेमा तगतो; माप हरवले की तो कोसळतो. एखादी गोष्ट किती मोठी किंवा किती आगळी आहे, हे ज्या साध्या, रोजच्या जगाशेजारी ठेवल्यावर कळते ते जग सुटले, की यंत्रमानव असो वा व्रात्य पोरगा, दोघेही पोकळ होतात.

कार्टूनमधला ऑप्टिमस प्राइम सपाट रंगांच्या मोजक्या ठोकळ्यांचा होता. चित्रकाराने जे गाळले ते बघणारे मूल स्वतः भरत असे. बेच्या सिनेमात भरायला काही शिल्लकच नाही. हजारो सुटे भाग एकाच वेळी फिरतात आणि हाणामारीत कुणाचा हात कुणाच्या मानेवर आहे, ते उमगत नाही. आवाज मात्र पीटर कलन यांचाच ठेवला आहे. त्यामुळे डोळे मिटले की बालपण आणि उघडले की भंगारबाजार, अशी गत होते. दोष तंत्राचा म्हणावा, तर त्याच मालिकेतला 'बंबलबी' (२०१८) आड येतो. ट्रॅव्हिस नाइट हे ॲनिमेशनमधून आलेले दिग्दर्शक. बेने कॅमारो करून टाकलेली गाडी त्यांनी पुन्हा मूळ कार्टूनसारखी फोक्सवॅगन बीटल केली आणि वडील गमावलेल्या एका मुलीच्या गॅरेजमध्ये आणून उभी केली. हा यंत्रमानव घरात शिरतो आणि बैठकीच्या खोलीची पार वाट लावतो. शहरे उद्ध्वस्त होताना जी उंची जाणवली नाही, ती एका छताखाली जाणवते.

ही जाण आपल्याला परकी नाही.  इंद्रायणीकाठच्या देहूच्या तुकोबांची गोष्ट प्रभातने १९३६ मध्ये 'संत तुकाराम'मधून सांगितली. दामले आणि फत्तेलाल यांच्यापुढचा पेच आजच्या रूपांतरकाराहून बिकट होता. त्यांचा नायक महाराष्ट्रातल्या घराघरांत आधीच मनात कोरलेला होता आणि शेवटी त्याला न्यायला वैकुंठाहून विमान उतरवायचे होते. आजच्या नजरेला त्या विमानाची करामत भाबडी दिसते, तरी प्रसंग लटका पडत नाही. त्याचे श्रेय गौरी यांनी साकारलेल्या जिजाईला द्यावे लागते. ती पोरांच्या पोटाची काळजी वाहते, म्हैस सांभाळते, लेकरू आजारी पडल्यावर विठोबावर वहाण उगारते आणि विमान दारात आले तरी नवऱ्याबरोबर जायला नकार देते. कुणीतरी चुलीपाशी थांबले, म्हणून वर गेलेल्याची उंची कळली.

या मापाने 'चिंटू' तपासला, तर त्याचे यश आणि अपयश दोन्ही उलगडतात. १९९१ पासून वर्तमानपत्रात येणाऱ्या या चित्रमालिकेत जवळजवळ काही घडतच नसे. आईने एखादे काम सांगितले, जोशी काकूंनी हटकले, पप्पूशी वाद झाला आणि तिसऱ्या-चौथ्या चौकटीत चिंटूने एक वाक्य टाकले, की संपले. श्रीरंग गोडबोले यांच्या सिनेमाने पात्रे प्रेमाने जमवली, पण दोन तासांसाठी खलनायक आणि संघर्ष लागणार, असे गृहीत धरले. दुसऱ्या वर्षी आलेला पुढचा भाग तर खजिन्याच्या शोधात निघाला. साहस जसे वाढले तसा चिंटू अंगणापासून दूर गेला, आणि अंगणाबाहेरचा चिंटू कुठल्याही साहसकथेतल्या मुलासारखाच दिसतो. 'फास्टर फेणे'ने वरकरणी अधिक मोडतोड केली. शाळकरी बनेश वैद्यकीय प्रवेश परीक्षेला बसणारा तरुण झाला आणि परीक्षेतल्या घोटाळ्याशी भिडला. तरीही अमेय वाघचा फेणे ओळखू येतो, कारण फुरसुंगीच्या पोराची नाक खुपसण्याची खोड आणि ओळखीचे पुणे हे दोन्ही शाबूत राहिले. आदित्य सरपोतदार यांनी आणखी एक शहाणपण केले. खुद्द भागवतांनाच त्यांनी दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने गोष्टीत आणून बसवले. जुन्या आठवणी जागोजागी शिंपडण्याऐवजी आठवणीला स्वतःचे पात्र मिळाले, आणि बाकीची गोष्ट आजच्या काळात मोकळेपणी धावू शकली.

यावर पहिला आक्षेप गल्ल्याचा. प्रेक्षकाला भव्यताच हवी असते आणि आकडे तेच सांगतात, असे म्हटले जाते. आकडे पुरते वाचले तर 'ट्रान्सफॉर्मर्स'च्या २०१४ च्या भागाने शंभर कोटी डॉलरांचा टप्पा ओलांडला आणि २०१७ च्या भागाची कमाई साठ कोटींच्या आसपास घसरली. 'बंबलबी'ने त्याहूनही कमी मिळवले, हे मान्यच करायला हवे. पण त्याचा खर्चही बराच कमी होता. माप सांभाळले की गल्ला भरतोच, असा माझा दावा नाही. नुसत्या आकाराची भूक मात्र दर खेपेला मोठा घास मागते आणि एक दिवस तो घासही बेचव लागतो. दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे. बालपणीची आठवणच अविश्वसनीय असते. जुने कार्टून आज पाहिले तर तेही कच्चे वाटते, मग निष्ठा ठेवायची तरी कशाशी? या आक्षेपाने चेहऱ्याचा आग्रह निकालात निघतो, मापाचा नाही. ऑप्टिमसच्या छातीवर किती काचा होत्या हे कुणाला आठवत नाही. त्याच्यापुढे आपण केवढे लहान होतो, हे मात्र विसरता येत नाही. तिसरे गाऱ्हाणे पैशांचे : मराठी निर्मात्याकडे तेवढे भांडवल नाही. पण दृश्यकरामतींना पैसा लागतो, तसा चिंटूच्या अंगणाला लागत नाही.

मराठीत अजून पुष्कळ बालपणे पडद्याची वाट पाहत आहेत, आणि संगणकीय करामती दिवसेंदिवस स्वस्त होत आहेत. म्हणजे विमान उतरवणे यापुढे कुणालाही जमेल. अवघड काम पटकथेच्या पहिल्या खर्ड्यातच करावे लागेल : विमानात बसायला नकार देणारे पात्र त्या गोष्टीत कोणते, ते आधी शोधायचे.