विषाणू व पेशी यांच्या संयोगाचा रोध : चिकुनगुनियाच्या निमित्ताने

विषाणूचा पेशीशी होणारा पहिलाच संयोग रोखता आला, तर रोगाला थारा उरणार नाही, ही कल्पना मोठी आकर्षक आहे. विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिन पेशीवरील ग्राही रेणूला बिलगते. त्या दोहोंमध्ये तिसरा रेणू घालावा, की काम झाले! चिकुनगुनियाविषयी या दिशेने झालेले संशोधन कुशल आहे, यात शंका नाही. परंतु त्याचे मूल्यमापन करताना रोगाचा कालक्रम क्वचितच विचारात घेतला जातो, आणि नेमकी तेथेच त्याची खरी कसोटी आहे.

महाराष्ट्राला हा रोग नवा नाही. 1973 साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या साथीत शेकडा 37.5 लोक आजारी पडल्याची नोंद आहे. दीर्घ खंडानंतर 2005-06 साली तो परतला, तेव्हा विषाणू आशियाई वंशाचा नसून आफ्रिकी वंशाचा असल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने दाखविले. त्याचा ग्राही मात्र 2018 पर्यंत अज्ञातच होता. त्या वर्षी सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील मायकेल डायमंड यांच्या गटाने एमएक्सआरए-8 हे प्रथिन ग्राही असल्याचे सिद्ध केले. या ग्राहीला अडविणारी प्रतिपिंडे दिली असता उंदरांतील संसर्ग व पायाची सूज कमी झाली. 2020 मधील शोध तर अधिकच मनोवेधक आहे. गायीगुरांच्या एमएक्सआरए-8 मध्ये 15 ॲमिनो आम्लांचा एक जादा तुकडा असून त्यामुळे विषाणू त्यास चिकटू शकत नाही. हा रोध निसर्गाने गोठ्यातच करून ठेवला आहे! तथापि ज्या उंदरांत हा ग्राही मुळीच नाही, त्यांतही संसर्ग पूर्णतः नाहीसा होत नाही. म्हणजे विषाणूला आडवाटाही आहेत.

आता माजलगावचे उदाहरण घ्यावे. सिंदफणेवरील धरण उशाशी असले, तरी बीड जिल्ह्याने वारंवार दुष्काळ सोसला आहे. टंचाईत पिंपे, हौद, रांजण भरून ठेवणे घरोघर आलेच. त्याच साठ्यात ईडिस इजिप्ती डास वाढतो. ताप आलेला मनुष्य एक-दोन दिवस अंगावर काढून मग दवाखान्याची पायरी चढतो. तोवर रक्तातील विषाणूंची संख्या शिगेला पोहोचलेली असते आणि आठवड्याभरात ती आपोआप ओसरते. मागे उरते ती सांध्यांची वेदना, आणि ती कित्येकदा महिनोन्‌महिने टिकते. तिच्यात शरीराच्या प्रतिकारक्रियेचाच वाटा मोठा असतो. दार लावायचे, पण पाहुणा आत येऊन जेवून गेल्यावर, अशातला हा प्रकार होतो. संवर्धित पेशींवरील प्रयोगांत रोधक द्रव्य बहुधा विषाणूच्या आधी वा त्याच्यासमवेत घातले जाते; रुग्णाला ही सोय नसते. क्लोरोक्विन संयोगरोधक नसून पेशीतील पुढच्या पायरीवर काम करते, तरी तेही संवर्धित पेशींत प्रभावी ठरले होते. 2006 साली रेयुनियाँ बेटावरील चाचणीत तीव्र अवस्थेतील रुग्णांना त्याचा लाभ झाला नाही.

याउलट एचआयव्हीविरुद्धचे मॅराविरॉक हे औषध 2007 मध्ये मान्य झाले. ते पेशीवरील सीसीआर-5 या सहग्राहीला व्यापते. तेथे विषाणू वर्षानुवर्षे नव्या पेशींत शिरत राहतो, म्हणून उशिरा केलेली अडवणूकही फळते. हा भेद न पाहता एकाच्या यशावरून दुसऱ्याविषयी आशा बाळगणे तर्काला धरून नाही.

मग चिकुनगुनियात अशा औषधाला स्थान कोणते? ते रुग्णासाठी फारसे नसून त्याच्या घरच्यांसाठी व शेजाऱ्यांसाठी असू शकेल. कारण तोच डास त्याच आळीत पुढचा चावा घेतो. पण औषध निरोगी माणसाला द्यायचे, तर सुरक्षिततेची अट कठोर होते. मनुष्याचा ग्राही अडविणारे द्रव्य आणि विषाणूचे प्रथिन अडविणारे द्रव्य यांत येथे निवड करावी लागेल. पहिल्याला चुकविणे विषाणूला कठीण, पण ग्राहीचे शरीरातील मूळ कार्य बिघडण्याची भीती असते. दुसरे निर्धोक, पण उत्परिवर्तनाने निष्फळ होण्यासारखे. तेव्हा संसर्गानंतर 24, 48 व 72 तासांनी द्रव्य दिल्यास काय घडते, हे प्रत्येक शोधनिबंधाने आपल्या कोष्टकात देणे आवश्यक आहे.