मोठ्याने विचार करण्याची परीक्षा

संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याच्या नोकरीसाठी जी तांत्रिक मुलाखत घेतली जाते, तिला आता स्वतःचे मार्गदर्शनपर वाङ्मय लाभले आहे. गेल लाकमन मॅक्डॉवेल यांचे 'क्रॅकिंग द कोडिंग इंटरव्ह्यू' हे त्यातील एक सुपरिचित पुस्तक होय. त्याच्या २०१५ च्या सहाव्या आवृत्तीत १८९ प्रश्न सोडवून दाखविले आहेत. या प्रश्नांच्या गणिती अंगाची चर्चा विपुल झाली आहे. प्रस्तुत टिपणात त्यांच्या भाषिक अंगाचा विचार करावयाचा आहे.

दिलेल्या यादीतील कोणत्या दोन संख्यांची बेरीज अमुक होते, हा एक नेहमीचा प्रश्न. प्रत्येक जोडी तपासू म्हटल्यास हजार संख्यांसाठी ४,९९,५०० जोड्या पाहाव्या लागतात. उलट, पाहिलेल्या संख्यांची नोंद हॅश टेबलात ठेवीत गेल्यास यादी एकदा वाचून काम भागते. येथवर परीक्षा बुद्धीची आहे. परंतु हे सारे मुलाखतकारादेखत, मोठ्याने बोलत आणि बहुधा इंग्रजीतून करावयाचे असते. मौनाला येथे गुण नाहीत.

जुन्नर तालुक्यात कुरण व बेल्हे येथे अभियांत्रिकी महाविद्यालये निघाल्यामुळे जुन्नर-आंबेगावच्या मुलामुलींना हे शास्त्र घराजवळ शिकता येते. नोकरीसाठी मात्र हिंजवडीकडे पाहावे लागते. अंक या भूमीला परके नाहीत. नाणेघाटातील सातवाहनकालीन लेख हे अंकलेखनाच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन आहे. परकी आहे ती ही बोलण्याची रीत. ओतूर वा घोडेगावच्या मराठी शाळेत विद्यार्थ्याने उत्तर पूर्ण झाल्यावर बोलावे, असा आपला शिरस्ता. अर्धवट विचार, चुकलेली वाट, मागे फिरणे हे वडीलधाऱ्यांसमोर उघड करणे अज्ञानाचे लक्षण समजले जाते. मुलाखतीत नेमके तेच गुणास पात्र ठरते.

काम चारचौघांनी मिळून करावयाचे असल्याने विचार बोलून दाखविता आलाच पाहिजे, हे समर्थकांचे म्हणणे रास्त आहे. तथापि न्यायशास्त्राने वाद आणि जल्प यांत भेद केला आहे: वाद तत्त्वनिर्णयासाठी, जल्प विजयासाठी. ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे, त्याच्यासमोर घड्याळ लावून केलेले भाषण सहविचार म्हणविते, पण वाद नव्हे. २०२० साली नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. निरीक्षकासमोर बोलत फळ्यावर प्रश्न सोडविणाऱ्यांची कामगिरी, एकांतात सोडविणाऱ्यांच्या तुलनेने, निम्म्याहून अधिक घसरली. म्हणजे ही परीक्षा बऱ्याच अंशी भिडेची आहे. भिडेत परभाषेची भर पडली की खेड्यातील उमेदवाराचे नुकसान दुहेरी होते, असे मानावयास जागा आहे.

२०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास अनुमती दिली आणि निगडीच्या पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयाने संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग उघडला. शिक्षण मराठीत आणि पडताळा इंग्रजीत, अशी फारकत राहिल्यास तो उपक्रम दारापाशीच थांबेल. उमेदवाराला आधी एकांतात प्रश्न सोडवू द्यावा आणि मग त्याच्या भाषेत त्याचे स्पष्टीकरण ऐकावे, ही सुधारणा अवघड नाही. पण दोष केवळ कंपन्यांचा नाही. युक्तिवाद पायरीपायरीने मांडणारे, चुकले तेथे तसे सांगणारे मराठी गद्य वर्गात बोलावयास शिकविणे हे भाषाविभागांचे काम आहे, आणि ते आपण अजून अंगावर घेतलेले नाही.